पुरचुंडी

ट्रुम्सो. दुपारचे दोन, आणि बाहेर काळोख.
चौथ्या मजल्यावर हाल्डोर,
वय एकाहत्तर, पन्नास वर्षं कॉडमागे समुद्रात,
आता छातीभर तारा
आणि मनगटावर एवढीशी पट्टी.
तिथून आत शिरलेल्या फुग्यानं
सकाळी नऊ-चाळीसला अडसर बाजूला सारला
आणि रक्त परत आलं.

सगळे म्हणाले, वाचला.
इंगुन तेवढी गप्प राहिली.

उपाशी माणसापुढे
कुणी एकदम भरलं ताट ठेवत नाही.
आधी पेज. तीही चमच्याचमच्यानं.
पण रक्ताला कुठला आलाय धीर?
दोन तास हवेवाचून निपचित पडलेल्या पेशींवर
ते लोंढ्यानं येतं,
आणि राखेखाली कशाबशा जपलेल्या चुली
भडकून आढ्याला लागतात.
उपासानं मेले नाहीत
ते जेवणानं मरतात.

हे तिनं प्रबंधात लिहिलं होतं, आलेखांसकट.
तिथे हृदयाला क्रमांक होता,
बाप नव्हता.

तिचं काम रस्त्यापलीकडच्या तळघरात.
नाळेतल्या मूळपेशी ती गुलाबी पाण्यात वाढवते,
तीन दिवसांनी पेशी काढून टाकते
आणि पाणी ठेवून घेते.
बघणारे विचारतात,
भात फेकून निवळ कोण राखतं?
पण त्या निवळीत पुरचुंड्या असतात,
पेशीनं आपल्याच पदराचा तुकडा फाडून बांधलेल्या.
कितीतरी वर्षं शहाण्यांनीही त्यांना
पेशीचा केर म्हणून झाडून टाकलं.
सोडून बघितलं तर आत
आग आवरायचा निरोप,
थोडी डागडुजीची सामग्री,
आणि एक दटावणी: इतक्यात मरायचं नाही.
स्वतः जाता येत नाही
तेव्हा माणसंही असंच काहीतरी बांधून देतात.

आत्तापर्यंत अकरा डुकरं.
सातांच्या हृदयावरचा वण लहान राहिला.
तिघांत फरक नाही.
एक का गेलं, अजून कुणाला सांगता येत नाही.
माणसांसाठी परवानगी नाही.

दुपारी ती तरीही गेली.
उणे ऐंशीचं दार उघडलं,
पांढरी वाफ घोट्यांवर उतरली.
चौदावा डबा, तिसरी ओळ,
तिच्याच अक्षरातली तारीख.
कुपी हातात नव्हती घेतली. फक्त बघत होती.
दार फार वेळ उघडं राहिलं म्हणून
यंत्र ओरडायला लागलं,
तेव्हा तिनं ते लावलं.

‘हात का एवढे गार?’ बापानं विचारलं.
ती म्हणाली, बर्फ पडतोय.
मग त्यानं सांगितलं, न विचारता,
सतरा वर्षांचा असताना हातमोजे पाण्यात गेले,
बोटं माशाच्या पोटासारखी पांढरी झाली.
आईनं शेगडीपाशी फिरकू दिलं नाही.
आपल्या काखेत धरून बसली हात, रात्र होईतो.
‘बधिर होते तोवर काही नव्हतं गं.
ऊब आली
तेव्हा बोंबललो मी.’

इंगुनला वाटलं, चार वर्षं घालून लिहिलं ते हेच.

‘आणि तुझं ते,’ तो म्हणाला, ‘जे करतेस तू. केवढं असतं?’
एका केसाच्या रुंदीत, तिनं सांगितलं,
ओळीनं सात-आठशे बसतील.
त्यानं डोळे मिटून विचार केला,
आयुष्यभर जाळ्यांचे डोळे मोजलेला माणूस.
‘कुठल्याच जाळ्यात नाही राहायचं,’ म्हणाला.
‘नाही राहत,’ ती म्हणाली. ‘म्हणूनच तर आत पोचतं.’

मग त्यानं तिचे दोन्ही हात ओढले
आणि तारांखालून आपल्या काखेत धरले.
भिंतीवरची हिरवी रेघ वेडीवाकडी झाली.
नर्स धावत आली,
रागावलीच जवळजवळ:
काय चाललंय, तार निसटली.