वजनकाट्याचं यंत्र

खाण बंद पडल्यावर कंपनीनं ते भंगारात काढलं.
मी दीड हजाराला घेतलं,
पिळगावच्या वाचनालयात ठेवायला.
आत जुनं विंडोज. ते उठेपर्यंत
चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा.
सुलक्षा म्हणाली, काका, लिनक्स घाला.
फुकट आहे, म्हाताऱ्या यंत्रांना सोसतं.

फुकट म्हणजे अख्खा शनिवार गेला.

पेन ड्राइव्ह लावला. काळा पडदा.
डाव्या कोपऱ्यात एक रेघ,
आहे, नाही, आहे.
दुसऱ्या खाचेत लावला. तेच.
फाइल पुन्हा उतरवली, तिची खूण ताडून पाहिली,
चौसष्ट अक्षरं, एकेकावर बोट ठेवत,
ट्रकांच्या पावत्या ताडायचो तशी.
जुळली. तरी रेघच.

मग डबा उघडला.
आत लाल धूळ.
पंख्याच्या पात्यांवर, तारांच्या बेचक्यांत
आठ वर्षांपूर्वी थांबलेली खाण
अजून ओलसर.
रॅम उपसून तिचे सोनेरी दात
भाच्याच्या खोडरबरानं घासले.
खोडरबर त्याला परत देता आलं नाही.

डिलीटचं बटण दाबत राहिलो, निळा पडदा उघडला,
आणि वर तारीख:
एक जानेवारी दोन हजार नऊ.

हात तिथंच राहिला.
म्हणजे याच्या हिशेबानं
बाहेर रांग आहे, पार सारमानसच्या धक्क्यापर्यंत,
बार्जी भरताहेत,
दामू गावसचा टिप्पर काट्यावर चढलाय
आणि तो खिडकीतून ओरडतोय, बेगीन मरे!
दामूनं टिप्पर विकला.
बँकेनं विकला म्हणा.
मी तारीख बदलली. बंद केलं, वायर काढली, चालू केलं.
एक जानेवारी दोन हजार नऊ.

बॅटरी गेलीय, सुलक्षा फोनवर म्हणाली,
बोर्डावर असते, नाण्याएवढी.
डिचोलीत इनासच्या दुकानात मिळाली, तीस रुपये.
त्यानं विचारलं, घड्याळाक?
म्हटलं, तसंच काहीतरी.

पेन ड्राइव्ह मी नव्या यंत्रांच्या रीतीनं लिहिला होता,
ह्याला ती भाषाच कळत नव्हती.
जुन्या रीतीनं लिहिला, आणि दारात घेतलं त्यानं.
रात्री दहाला पडद्यावर माझं नाव आलं.
बायकोला हाक मारली.
ती येईतो ऐटीत पेन ड्राइव्ह काढून
पुन्हा चालू केलं,
आणि तिनं बघितली ती रेघ.

लावला की चालतं. काढला की मेलं.

काका, बूटलोडर कुठं लिहिलात?
विचारलं होतं खरं त्यानं, कुठं लिहू म्हणून,
मी वाचल्यासारखं करून हो म्हटलं होतं.
घर बांधलं डिस्कवर
आणि दारावरची पाटी ठोकली पाहुण्याच्या पिशवीला.

बारा वाजून गेले होते.
ती सांगत होती, मी एकेक अक्षर दाबत होतो.
तिरकी रेघ, काका, उजवीकडं झुकलेली. दुसरी.
एसडीए. बी नव्हे, ए. आंब्यातला नव्हे, एबीसीतला.
एंटर.
पडदा क्षणभर गप्प, मग इंग्रजीत एक ओळ:
काम पूर्ण, चूक नोंदलेली नाही.

बावीस वर्षं काट्यावर काढली,
चौकशीवाले आले, कपाटं नेली, आणून टाकली,
पण इतकं कुणी
लिहून दिलं नव्हतं.

पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. चाललं.

आता रोज सकाळी कुलूप काढून चालू करतो.
पडद्यावर दोन ओळी येतात.
खालच्या ओळीत जुनं विंडोज आहे अजून,
त्यात सगळ्या पावत्या, दामूच्याही.
पुसू का, असं विचारलं होतं त्यानं,
तेवढं मात्र मी नीट वाचलं होतं.
यंत्र दहा सेकंद थांबतं,
मी बाण खाली नेला तर म्हणून.
नऊ. आठ.
तोवर मी खिडक्या उघडतो.

आवाज येत नाही अजून.
ते पुढच्या शनिवारी.