पीळ

सिल्मार, कॅलिफोर्निया. सकाळचे साडेसहा.
ट्रकमधून उतरल्या सळईच्या चुंबळी,
एकावर एक दबलेल्या, गंजाची भुकटी सांडत.
क्रेनने वरचं टोक धरून ओढलं
तशी चुंबळ उलगडत गेली,
माणसाच्या दुप्पट उंच झाली
आणि कितीतरी वेळ नुसती थरथरत राहिली.

माझं काम एवढंच,
वेढ्यावेढ्यातलं अंतर मोजायचं.
दोन इंच. दोन इंच. दोन.
शिडीच्या नवव्या पायरीवर सव्वातीन.

"एका इंचाने काय आभाळ कोसळतंय?" खालून फोरमन डेल.
काँक्रीटचा ट्रक फाटकाशी,
पोटातला काला फिरवतोय,
नव्वद मिनिटांचं आयुष्य, त्यातली चाळीस गेली.
सात खांब पास. आठवा अडलाय
आणि अडवणारी मी,
पाच फूट एक इंच, हेल्मेट सैल.

रेफ्युजिओ ओन्तिवेरोस वाद घालत नाही.
पक्कड काढतो, बांधलेल्या तारा तोडतो,
जादाचं सव्वा इंच वरच्या वीस वेढ्यांत वाटून टाकतो,
शेवटची पोळी मोडून
पानापानात वाढावी तसं.
"इथे धर," म्हणतो. मी धरते.

मग हात चालू ठेवून सांगतो:
एकाहत्तरच्या फेब्रुवारीत त्याचे वडील इथेच होते.
पहाटे सहाला जमीन हलली.
ते म्हणायचे, काही खांबांचा तर भुगा झाला,
पण काही गोल खांब नुसते सोलले गेले,
साल खाली, आत पिंजरा उघडा,
आणि तरी उभे. वाकडे,
पण उभे.

पुस्तकात मी हे शिकले होते, आलेखासकट.
सगळं ठीक असतं तोवर हा वेढा
जवळजवळ काहीच करत नाही.
भार दगड घेतो, उभ्या सळया घेतात.
हा आत नुसता गुंडाळलेला,
पगार खाणाऱ्या पाहुण्यासारखा.
बाहेरचं दीड इंच गळून पडतं,
आतला दगड फुगून चहूकडे पळू बघतो,
तेव्हा याचा दिवस उगवतो.

सुंभ जळालं तरी पीळ जात नाही,
मंदाकाकू म्हणायच्या,
लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, माझ्यासमोर,
मला उद्देशून,
भाजी निवडता निवडता.
तेव्हा मी खाली बघितलं होतं.
आज शिडीवरून पुन्हा मोजते.
दोन. दोन. दोनला सूतभर जास्त.
चालेल.

साचा बंद झाला. काला ओतला गेला.
व्हायब्रेटरच्या घरघरीत डेल काहीतरी म्हणाला,
बहुधा शिवी, मी मान हलवली.
आता ही सळई कुणाला दिसणार नाही,
देव करो आणि कधीच न दिसो.

कागदावर सही केली.
डाव्या तळव्यावर गंजाचे आडवे पट्टे,
दोन इंचांवर.
माझ्या हातात दोनच मावतात.