परीक्षेला बसले

सव्वानऊची बस, वॉल्सग्रेव्हचं इस्पितळ.
पिशवीत चष्मा, पाण्याची बाटली
आणि गोळ्यांची नावं लिहिलेला गुलाबी कागद.
मार्सिया म्हणाली, वेळेआधी आलात.
म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी
परीक्षेला उशीर करून कसं चालेल?

तिने समजावलं : तुम्हाला काही झालेलं नाही,
म्हणूनच तुम्ही हव्यात.
आमच्या यादीत तुमच्यासारखी माणसं
बोटावर मोजण्याइतकी.
तिची आई जमैकाची. तीही कुठल्या यादीत नव्हती,
हे तिने फॉर्म सरळ करता करता सांगितलं.

दिगंबरांची परीक्षा मी पाहिलेली आहे.
सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या खोलीत, इंग्रजीतून.
डॉक्टरांनी एक पत्ता दिला, लक्षात ठेवा म्हणाले,
पाच मिनिटांनी विचारला.
हे म्हणाले, फोल्सहिल रोड, मागच्या जिन्याने वर,
बेल वाजत नाही, दार ठोका.
शून्य.
एकाहत्तर साली अकरा दारं तोंडावर आपटली,
बारावं उघडलं, त्याचा हा पत्ता.
ते लिहायला कागदावर जागा नव्हती.
चित्रातल्या हार्पला हे वीणा म्हणाले.
तेही शून्य.

मग कुणी म्हणालं भाषेची अडचण, कुणी म्हणालं वय.
मंडळात मीच सांगायचे, जरा विसरभोळे झालेत.
खरं नाव कळेपर्यंत चार वर्षं गेली
आणि यांची इंग्रजीही.
कॉव्हेंट्रीत तीस वर्षं मोटारींना रंग देणारा माणूस
आता ‘थँक्यू’ला दचकतो.

मुलगा फोनवर चिडला,
आई, प्रयोगाचा उंदीर व्हायचंय का तुला?
उंदराची सही घेत नाहीत बाळा,
माझी बावीस पानांवर घेतली.

आज मराठीतून. नवीन आहे, अजून तपासताहेत.
एका मिनिटात ‘प’चे शब्द सांगा.
पळी, परात, पोळपाट, पाटा, पेला,
पडवळ, पापड
स्वयंपाकघर संपलं तशी पुढचं सुचेना.
घड्याळ चालूच.
पगार. पावती. पासपोर्ट.
परत.

दुभाषी मुलगी, नागपूरची, रेघा मारत होती, थांबली.
परत म्हणजे पुन्हा, की माघारी?
म्हटलं, दोन्ही लिही.
एकच धरता येईल काकू.

मग मशीन. बांगडी निघेना,
साबण लावून मार्सियाने ओढली,
मनगटावर पांढरा वळ, बघवेना.
आत पत्रे ठोकल्यासारखा आवाज, हलायचं नाही.
मी मनात पाढे म्हटले,
एकोणतीसवर अडखळले.
हे तिला सांगायचं राहिलं.

घरी शेजारची ब्रिजिट यांच्यापाशी बसलेली,
टीव्ही बंद, चहा गार.
कुठे गेली होतीस?
परीक्षेला.
पास झालीस?
निकाल इतक्यात नाही.
वीस वर्षांनी लागला तर लागेल,
तोही दुसऱ्या कुणाचा तरी.
हे बराच वेळ खिडकीकडे बघत बसले.
मग म्हणाले,
डबा नेला होतास ना?