कान देऊन

फोंड्याच्या दुकानदारानं विचारलं, वापरणार कोण?
मी म्हटलं, मी.
तो थोडा वेळ माझ्या मागे बघत राहिला,
कुणी पुरुष गाडी लावून येतोय का म्हणून.

मग त्यानं लाल मशीन पुढं केलं,
अंगावर चारशेचा आकडा, हातभर.
पण इनासनं फेरीत बजावलं होतं:
आकडा वाचू नको बाये, आकडा रंगानं लिहितात.
विचार, दहा मिनिटांतली किती मिनिटं दम धरतं.
विचार, दुर्भाटात संध्याकाळी सगळे पंखे लागले
आणि वीज एकशे सत्तरवर घसरली की काय करतं.
केबल हातात तोलून बघ. तांबं जड लागतं.

मी दुसरं घेतलं, राखी, सहा किलोंचं,
आणि बसमध्ये मांडीवर घेऊन आले.
इनासचं रासईच्या गोदीतलं धूड
चौघं मिळून हलवायचे,
पोटात तेल, दिवसभर हुंकारणारं.
त्यावर त्यानं तीस वर्षं बार्जींची पोटं शिवली.
आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत दुधी काच.

स्कूटर विकल्यावर मोकळी झालेली पडवी.
तिथं वाळूची बादली, ग्राइंडर,
बसायला मोडका पाट,
तोंडावर अकरा नंबरची काच.
ओढणी नाही, नायलॉन नाही,
भावाचा सुती शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून.
रॉड सोलांशेजारी उन्हात वाळत घातले.
इथल्या हवेत मीठसुद्धा रडतं,
रॉडांनी काय करावं.

पहिल्या रात्री काच वर करून एकदाच बघितलं.
पहाटेपर्यंत पापण्यांखाली
मिरामारची सगळी वाळू.
मग जस्ताचा पाइप जोडायला गेले,
पांढरा धूर, जिभेवर गोडसर चव,
रात्री दोन गोधड्यांतही हुडहुडी.
इनास ऐकून हसला नाही.
जस्त आधी घासून काढायचं, म्हणाला,
आणि वारा आडवा हवा. तोंडावर नाही, पाठीवर नाही.

रविवारी मीस उरकून तो यायचा,
माझ्याकडं पाठ करून स्टुलावर बसायचा.
अर्थ जोडलास?
जोडला.
कुठं, रंगावर? रंगाला कसला अर्थ.
लोखंड उघडं कर.

मी रॉड टेकवला की तो मान कलती करायचा.
फट् फट्, आणि रॉड चिकटलेला:
थंड आहे, दहा वाढव.
भसभस: लांब गेलीस, जवळ ये.
घाय नाका, बाये, घाय नाका.
आणि एका रविवारी, मध्येच,
तापल्या तव्यावर रव्यातला बांगडा पडावा तसा
एकसारखा चरचर आवाज लागला.
तो बोलला नाही. मीही नाही.
रॉड बोटभर उरेपर्यंत.
काळी साल आपोआप वळून सुटली
आणि खाली माशाच्या खवल्यांसारखी ओळ,
जरा वाकडी.

काय करतेयस एवढं, त्यानं विचारलं होतं.
फाटक, म्हटलं.
एवढं अरुंद?
कुत्र्यासाठी.

खरं तर तो कठडा होता,
त्याच्याच बाल्कांवच्या तीन पायऱ्यांचा.
फेरीत उभा धरून नेला,
एकानं विचारलं, शिडी कुणाची?
सिमेंट सुकेपर्यंत आम्ही चहा प्यायलो.
मग इनासनं अंगठा फिरवला, वरून खाली,
खालून वर.
इथं श्वास धरलास.
इथं कुणी हाक मारली.
दुसऱ्या जोडाशी थांबला.
तिथं गाठ होती, सुरुवातीच्या दिवसांतली,
रंगाचे दोन हात देऊनही न झाकलेली.

ग्राइंडर आणते पुढच्या खेपेला, मी म्हटलं.

नाका.
राहू दे ती.
रात्री वीज गेली की
दुसरी पायरी मला तिथं सापडेल.

आणि थोड्या वेळानं, नदीकडं तोंड करून:
पण बाये, तुझ्याकडं कुत्रा होताच कधी?