डबाभर बर्फ

रात्रीत आहुस्कोवर बर्फ पडला
आणि सकाळी नऊच्या आत
अख्खं शहर वर आलं.

गाड्यांची रांग थेट खालच्या क्रूसापर्यंत.
कॅनव्हासचे बूट, पातळ स्वेटर,
हातमोज्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या.
बाप्ये बॉनेटवर बर्फाचा माणूस रचत होते,
त्याच्या नाकाला गाजर माझ्याकडून.
एरवी मी गाजरं विकत नाही.
एरवी निळ्या मक्याच्या जाड भाकऱ्या, पोटात घेवडा,
आणि "दोन्या ओबदुलिया, आणखी एक"
एवढंच दिवसभर.

त्रांकिलिनोच्या घोड्याच्या दुपारपर्यंत एकवीस फेऱ्या झाल्या.
घोड्याचं नाव कुणी विचारलं नाही.

एक बाई म्हणाली, किती नशीबवान तुम्ही,
इथं राहता.
हो, म्हटलं.
हात पिठात होते, सांगायला सवड नव्हती
की आमचा झरा पाइपातून खाली जातो
आणि आम्ही गुरुवारी बादल्या मांडून टँकरची वाट बघतो,
की रात्री जंगलात करवत चालते
तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत,
की माझा मुलगा खाली इस्तापालापात राहतो,
दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करतो
आणि स्वतः पाच जिने चढतो.

दुरून डोंगर साजरे, खरं आहे.
वरून शहरही साजरंच:
कुणी निखाऱ्यांची पाटी उपडी करून
निघून गेल्यासारखं.
त्यातला माझा नातू कुठला, मला ठाऊक नाही.
मी आपली एका कोपऱ्याकडे बघून झोपते.

चारला गाड्या उतरू लागल्या,
बॉनेटवरचे पांढरे पाहुणे मान टाकत.
पहिल्या वळणावर टोपी पडली, दुसऱ्यावर गाजर.
(दुसऱ्या दिवशी ती घोड्यानं वेचून खाल्ली.)

मग मी तामाले विकायचा थर्माकोलचा डबा काढला,
दाबदाबून बर्फ भरला,
चिकटपट्टीचे चार वेढे, वर चिठ्ठी: आमिल्कारसाठी.
नाबोरच्या शेवटच्या बसमध्ये ठेवला, त्याच्या पायाशी.
लाथ लागू देऊ नकोस, म्हटलं.
म्हणाला, आत काय, अंडी?

आठला फोन.
आजी, यात पाणी आहे.

मी गप्प.

चालेल, तो म्हणाला,
आमच्या नळाला तीन दिवस नाहीये.
मागं येसेनिया हसली, मग हसायची थांबली.
एक वाटी मी फ्रीजरमध्ये ठेवलीय, आजी.
उद्या त्याचा बर्फ होईल ना?

होईल. पण कडक होईल रे.
त्याचा माणूस नाही करता यायचा.

मग काय करता येईल?

बाहेर त्रांकिलिनो खोगीर पुसत होता.
छपरावरून अजून थेंब गळत होता,
आणि खाली बादली लावायची राहिली होती.
विचार करून सांगते, म्हटलं,
आणि फोन कानाशी धरूनच
ती पायानं सरकवली.