अडीचशे किलोमीटर

डाव्या दाराला पोचा आधीपासूनच होता.
ओंकार बाबरनं त्याचा फोटो काढला, मग चारही चाकांचा,
मग माझा, लायसन हनुवटीखाली धरून.
पाच हजार डिपॉझिट. चोवीस तास. अडीचशे किलोमीटर.
"त्यापुढं किलोमीटरला दहा रुपये, बाई."
बाई म्हणाला,
म्हणजे कुठल्यातरी सालचा माझ्याच वर्गातला.
विचारलं नाही. नापास केला असेल तर?

शेजारी हसीना मुलाणी, चित्रकला, निवृत्त,
मांडीवर डबा. पोवई नाक्यावर दोनदा बंद पडलो.
"घाई नाही," ती डोळे मिटून म्हणाली.

भाची गेल्या महिन्यात एका बेटावर होती,
मॉरिशसच्या अलीकडं की पलीकडं, ठिपक्याएवढं.
तीही अशीच भाड्याच्या गाडीतून हिंडली.
फोटो पाठवले: काळी वाळू, झाडांएवढे नेचे,
रस्त्यावरून वाहून गोठलेला लाव्हा, त्यावर पुन्हा रस्ता.
"मावशी, ये ना."
मावशीचा पासपोर्ट नाही.

पण एकतीस वर्षं फळ्यावर मी तेच शिकवलं,
की आपली जमीन त्या चुलीवरून सरकत उत्तरेला आली,
चूल राहिली तिथंच, समुद्राखाली, धुमसत.
तिच्यावर आता ते बेट रटरटतंय,
आणि आपण इथं, निवलेलं पिठलं.
"म्हणजे बाकांखाली ज्वालामुखी आहे," मी म्हणायचे,
आणि पहिल्या रांगेतली पोरं खरंच वाकून बघायची.

यवतेश्वरचा घाट सगळा दुसऱ्या गिअरमध्ये.
मागं एसटी, तिचा हॉर्न माझ्या मानेवर.
वळणावर डोंगर कापलेला: काळा थर,
बोटभर तांबडी रेघ, पुन्हा काळा.
एक उद्रेक. मग तांबडी माती होईस्तोवर शांतता.
मग दुसरा.
हसीना म्हणाली, "भाकरीची चवड."
एकतीस वर्षांत मला ही उपमा सुचली नव्हती.

कासला जांभ्यावर वीतभर माती,
तिच्यात सोनकी, तेरडा, गेंदाची पांढरी बटणं,
आणि सीतेची आसवं, निळीजांभळी,
जी मुळांशी बारीक किडे धरून खातात.
हसीनानं वही काढली नाही. नुसती उकिडवी बसली.
दहाच्या सुमारास खालून ढग आले,
दऱ्या भरल्या, कोयनेचं पाणी गेलं, सातारा गेला,
पठार तेवढं वर.
"चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला भूभाग," मी पुटपुटले.
"ढग म्हणजे पाणीच की," ती म्हणाली.

दुपारी चाळकेवाडी. पवनचक्क्यांच्या पात्यांची सावली
बॉनेटवरून सपकन जायची आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालायची.
चढावर हँडब्रेक धरेना. गाडी मागं,
मी ब्रेकवर दोन्ही पाय, हसीनाच्या तोंडी अल्ला,
आणि चक्कीवरचा वॉचमन काठी टाकून धावत आला,
मागच्या चाकाला एक काळा धोंडा लावला.
गाडी थांबली.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो वाहत होता
त्यानं आम्हाला वाहू दिलं नाही.
वॉचमनला पेढे दिले. धोंडा डिकीत घेतला.
का ते विचारू नका.

मग चुकलो. साताऱ्याऐवजी पाटण आलं,
अंधारही आला, हेडलाइट कुठला आणि वायपर कुठला
हे उंब्रजपर्यंत ठरत नव्हतं.

ओंकारनं टॉर्च मारून पोचे मोजले. एकच, जुना.
काटा बघितला: दोनशे त्रेसष्ट.
डिकी उघडली.
"बाई, हा काय?"
"बेसाल्ट," मी म्हटलं, आपोआप, वर्गातल्या आवाजात.
तो दोन्ही हातांनी उचलून जरा वेळ तसाच उभा.
"मी वाकून बघितलं होतं," म्हणाला, "बाकाखाली.
सातवी ब. चुइंगम होतं."

एकशे तीस रुपये मात्र घेतलेच.
सुटे.