टिंब

दहा मिली पाणी, दोन मिली लाल.
नळी हलवायची आणि थांबायचं.
जितकं फ्लोराइड जास्त, तितका रंग फिका.

माझ्या बापाला हे कधी पटलंच नाही.
साखर पेठेतल्या रंगखान्यात चाळीस वर्षं
त्यानं सुतावर रंग चढवला,
कोपरापर्यंत किरमिजी हात घेऊन जेवला,
आणि पोरगी सरकारी पगारावर
रंग उतरवते, म्हणायचा.

घरी आम्ही पाण्याला नीळ्ळु म्हणतो,
गल्लीत पाणी,
ऑफिसात नमुना.
नमुना क्रमांक, तारीख, स्रोत,
आणि शेवटचा रकाना, ज्यात एक टिंब असतं.
टिंबाच्या अलीकडे शून्य असलं तर सही करून मोकळं व्हायचं.
एक असला
तर पलीकडचा आकडा वाचायला मी चष्मा लावते.

बापाचं लहानपण माळावरच्या एका विहिरीवर गेलं.
गोड पाणी, पंचक्रोशीत नाव.
त्याच्या दातांवर काथाच्या रंगाचे पट्टे होते,
गावच्या सगळ्याच पोरांच्या होते,
म्हणून कुणाला दिसले नाहीत.
सोलापूरला आल्यावर त्याला कळलं
दात पांढरे असतात ते.
लग्नाच्या फोटोत तो ओठ मिटून हसलाय.

परवा महापालिकेच्या सभागृहात डॉक्टर बोद्धूल बोलले.
दातांचे डॉक्टर, भला माणूस,
विडी घरकुलात फुकट तपासतात.
फळ्यावर त्यांनी पोरांच्या दाढा काढल्या,
आतून पोखरलेल्या,
खडू मोडेपर्यंत काळ्या केल्या... म्हणजे पांढऱ्याच, पण समजलं सगळ्यांना.
म्हणाले, नळाच्या पाण्यात हे कमीच पडतं,
थोडं घालू, मोजून.
बाहेरच्या देशांत घालतात, पिढ्या गेल्या,
कुणाची हाडं वाकली नाहीत.
मागून एक जण ओरडला, विष! विष कालवताय!

मला दोघांकडेही बघवेना.
विष नव्हे ते. अमृत तर नव्हेच.
टिंबाच्या कुठल्या अंगाला उभं आहे
एवढाच त्याचा स्वभाव.

मग अंबूबाई गाजूल उठल्या.
बोलताना त्यांची बोटं
नसलेलं पान नसलेल्या तंबाखूवर वळत होती.
सायब, म्हणाल्या, नळ येतो पाचव्या दिवशी.
त्यातलं पाणी पुरतं दोन दिस.
मग बोअर.
बोअरनं गचके दिले की टँकर.
पाव्हणं आलं तर जार.
तुम्ही मोजून घालशाल हो,
आम्ही मोजून प्यावं कसं?

पंखा तेवढा कुरकुरला.
डॉक्टरांनी खडू खाली ठेवला,
खरंच ठेवला, आणि बराच वेळ हात पुसत राहिले.
इतिवृत्तात आलं : चर्चा झाली.

संध्याकाळी अंबूबाईंनी बाटली आणली,
खोकल्याच्या औषधाची, बोअरच्याच पाण्यानं
तीनदा विसळलेली,
कारण मीच तसं सांगितलं होतं.
दोन मिली लाल.
रंग उतरत गेला, आधी डाळिंबी,
मग शंभर वेळा धुतलेल्या टॉवेलासारखा.
दोन पूर्णांक एक.
टिंब जरा जोरात उमटलं,
कागदाच्या पाठीवर बोटाला लागतं.

मग नातीला कुठलं देऊ?
नळाचं, म्हटलं.
आन नळ नसंल तवा?
या प्रश्नाला रकाना नाही.
मी शिक्का मारला, तारखेचा, जरा तिरका पडला.

आज आमच्या बोळात रात्री अडीचला पाणी.
पहिल्या दोन घागरी गढूळ, अंगणात ओतल्या.
तिसरीतली ओंजळ तोंडाला लावली.
बाप रंगाची तीव्रता जिभेवर बघायचा,
चिमूटभर कमी, चिमूटभर जास्त,
कधी चुकला नाही.
माझ्या जिभेला काहीच कळत नाही.

एक कॅन जास्तीचा लावला, वीस लिटरचा.
अर्धा भरला असेल,
शेजारच्यांनी मोटर चालू केली
आणि धार बारीक झाली.